भोवती कामगारांची घरं

३१ मे १९४५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांच्या अध्यक्षतेखाली एक बैठक झाली. अणुबॉम्बची पहिली चाचणी व्हायला अजून दीड महिना होता, पण तो जपानवर कसा वापरायचा याची चर्चा सुरू झाली होती. त्या बैठकीच्या इतिवृत्तात दोन गोष्टी एकापाठोपाठ नोंदल्या आहेत. पहिली अशी, की केवळ नागरी वस्तीवर रोख धरता येणार नाही. दुसरी अशी, की शक्य तितक्या रहिवाशांच्या मनावर जबरदस्त परिणाम झाला पाहिजे. हे दोन्ही साधायचं कसं, यावर हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी तोड सुचवली आणि स्टिम्सन यांना ती पटली : पुष्कळ कामगार असलेला युद्धसाहित्याचा एखादा महत्त्वाचा कारखाना निवडावा, आणि त्याच्या भोवती अगदी लागून कामगारांची घरं असावीत. सकाळच्या वेळी कामगाराच्या घरात कोण असतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी इतिवृत्तात 'कारखाना' हा शब्द आधी आला आणि सगळ्यांचं समाधान झालं. युद्धात साध्या माणसांवर अण्वस्त्र टाकावं की टाकू नये, हा वाद आठ दशकं चालू आहे. त्यातली सगळी लबाडी या एका वाक्यात मावते, असं मला वाटतं.

प्रत्यक्षात ६ ऑगस्टला कारखान्याचं निमित्तही उरलं नाही. हिरोशिमात जपानच्या एका मोठ्या सैन्यविभागाचं मुख्यालय होतं, बंदर होतं, आणि कडेला कारखाने होते. विमानातून नेम धरला गेला तो शहराच्या मध्यावरच्या, इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या आयोई पुलावर, कारण वरून तो चटकन ओळखू येत होता. हिरोशिमावर तोवर मोठा बॉम्बवर्षाव झालेला नव्हता. नव्या अस्त्राचा परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून काही शहरं मुद्दाम राखून ठेवली होती. क्योतो त्या यादीत होतं, ते स्टिम्सन यांच्या आग्रहामुळं वगळलं गेलं. तीन दिवसांनी दुसरा बॉम्ब कोकुराच्या नावानं निघाला, तिथं आकाश झाकोळलेलं होतं म्हणून नागासाकीवर पडला. वर्षअखेरीस हिरोशिमातल्या मृतांचा अंदाज १ लाख ४० हजारांच्या आसपास होता, नागासाकीतल्या मृतांचा सुमारे ७० हजार. हिरोशिमाच्या मृतांत सैनिक सुमारे २० हजार होते असं मानलं जातं. उरलेल्यांत हजारो शाळकरी मुलं होती. हवाई हल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला त्यांना त्या सकाळी लावलं होतं.

हे सगळं पिपरी मेघेच्या वाचकानं का वाचावं? वर्धा शहर कुठं संपतं आणि पिपरी मेघे कुठं सुरू होतं हे आता नवख्याला सांगता येणार नाही, आणि या जिल्ह्याची जगाला ओळख सेवाग्राम-पवनारची, म्हणजे शांततेची. पण याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातलं सर्वांत मोठं. तिथं ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर (तारीख तीच असणं हा निव्वळ योगायोग) एका शेडमधल्या रणगाडाविरोधी सुरुंगांनी पेट घेतला. दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसं गेली. मेलेल्यांत बहुतेक जण आग विझवायला धावलेले होते. आसपासच्या गावांतल्या लोकांना रात्रीच घरं सोडावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला, सहा जण मेले, त्यांत रोजंदारीवर गेलेली गावची माणसं होती. म्हणजे महत्त्वाचं युद्धसाहित्य, भरपूर कामगार आणि भोवती कामगारांची घरं, हे १९४५ चं वर्णन आपल्या जिल्ह्याला तंतोतंत लागू पडतं. ते केवळ पुलगावला लागू पडतं असंही नाही. रेल्वेचं जंक्शन, वीज केंद्र, कापसाची गिरणी, यांतलं काही ना काही प्रत्येक शहरात असतं. त्या व्याख्येनं कोणतंच शहर सुटत नाही, आणि म्हणूनच ती व्याख्या सोयीची होती. आपण या वादाकडं नेहमी विमानात बसून पाहतो; कॉनंट साहेबांच्या वाक्यात आपली जागा मात्र 'भोवती' या शब्दात आहे.

तिथून पाहिलं की आकड्यांचा अर्थ बदलतो. हिरोशिमात सुमारे ११ चौरस किलोमीटरचा परिसर जळून गेला. वर्धा शहराचा गाभा त्यात सहज मावतो. पत्रकार जॉन हर्सी यांनी १९४६ साली नोंदलं, की त्या शहरात दीडशे डॉक्टर होते, त्यांतले ६५ तत्क्षणी मेले आणि उरलेल्यांतले बहुतेक जखमी झाले. १,७८० परिचारिकांपैकी १,६५४ मेल्या किंवा काम करण्याच्या स्थितीत राहिल्या नाहीत. वर्ध्याला आरोग्याच्या बाबतीत आपण भाग्यवान समजतो. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं जवळ, आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण इथं येतात. पण रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. त्यातली माणसं याच परिसरातल्या घरांत राहतात. पूर, भूकंप, रेल्वे अपघात यांत जखमींच्या मानानं वाचवणारे हात जास्त असतात. अण्वस्त्र ते प्रमाणच उलटं करतं. आणि जे त्या दिवशी वाचले त्यांना पुढं किरणोत्सर्गानं गाठलं. पांढऱ्या पेशींचा कर्करोग काही वर्षांनी वाढलेला दिसला. जपानमध्ये या वाचलेल्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा बॉम्ब पडून ७९ वर्षं झाली होती.

आता सर्वांत जड आक्षेप घेऊ. बॉम्बमुळं युद्ध संपलं, जपानवर स्वारी करावी लागली असती तर कितीतरी जास्त माणसं मेली असती, असं म्हणतात. स्टिम्सन यांनी १९४७ च्या फेब्रुवारीत लिहिलेल्या लेखात एकट्या अमेरिकी फौजांची हानी दहा लाखांवर गेली असती असं म्हटलं आणि तो आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजनकारांपुढं असलेले अंदाज याच्या जवळपासही नव्हते. अमेरिकी सरकारच्याच बॉम्बवर्षाव पाहणीनं १९४६ साली निष्कर्ष काढला, की बॉम्ब, रशियाचा युद्धप्रवेश आणि स्वारी यांतलं काहीही न होता जपाननं वर्षअखेरीपूर्वी शरणागती पत्करली असती. या निष्कर्षावरही पुढं इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या पोकळ नाहीत. नागासाकीच्याच दिवशी रशियाच्या फौजा मांचुरियात घुसल्या, सम्राटाचं भाषण १५ ऑगस्टला प्रसारित झालं. कशानं किती फरक पडला याची वजाबाकी कुणालाही नीट करता येत नाही. म्हणून मी या आकड्यांच्या भांडणावर माझा युक्तिवाद उभा करत नाही. बॉम्बमुळं युद्ध लवकर संपलं असं क्षणभर मान्य करू. चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये, इंडोनेशियात जपानी अमलाखाली रोज माणसं मरत होती, तेव्हा युद्ध लवकर संपण्याचं मोल मोठं होतं हेही मान्य. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. त्या शाळकरी मुलांचा मृत्यू हा लष्करी हल्ल्याचा अटळ पण नको असलेला परिणाम होता, की तोच हल्ल्याचा हेतू होता? बैठकीचं इतिवृत्त या प्रश्नाचं उत्तर लपवत नाही. रहिवाशांच्या मनावर परिणाम घडवायचा होता. टोकियोतल्या सरकारला पत्र लिहायचं होतं आणि कागद म्हणून माणसं वापरली गेली. ओलीस धरलेल्या माणसाचा जीव घेऊन त्याच्या बापाला वाकवणारा गुंडही हिशेब मांडूनच दाखवतो, की एकाच्या जिवावर दहा वाचले. तो हिशेब बरोबर निघाला तरी आपण त्याला सेनापती म्हणत नाही.

दुसरा आक्षेप रागाचा आहे, आणि तो राग खरा आहे. जपाननं काय कमी केलं? नानकिंगचं हत्याकांड १९३७ मध्ये झालं. आपल्याकडं अंदमान १९४२ पासून जपानच्या ताब्यात होतं, तिथं डॉ. दिवाण सिंग यांचा छळ करून जीव घेतला गेला, आणि जानेवारी १९४४ मध्ये हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. मणिपुरात सांगशाकला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपानी फौजेशी झुंजली. तेव्हा जपानच्या अत्याचारांवर पांघरूण घालण्याची मराठी माणसाला काही गरज नाही. इथं सेवाग्राममधून निघालेलं एक पत्र मुद्दाम आठवावं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून ते लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाचा त्यांनी त्यात स्पष्ट निषेध केला, भारतात तुमचं स्वागत होईल या भ्रमात राहू नका, तुमचा प्रतिकार होईल, असंही बजावलं. आणि त्याच पत्रात आश्रमात राहून गेलेल्या एका जपानी भिक्षूची आठवण आहे. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले, त्यानंतर त्यांच्या पंथाचे भिक्षू इथं येऊ लागले होते. जपान युद्धात उतरल्यावर इथल्या ब्रिटिश सरकारनं आश्रमातल्या त्या भिक्षूला पकडून नेलं. मागं राहिलं त्याचं छोटं ढोलकं आणि त्याची प्रार्थना, आणि आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्यानंच सुरू होत राहिली. जपानी सत्तेला जे सुनवायचं ते सुनवून झाल्यावरही जपानी माणूस शिल्लक ठेवता येतो, याचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्यांनी नेमकं हेच केलं नाही. सत्तेचा गुन्हा त्यांनी ढोलकं वाजवणाऱ्याच्या खात्यावर वसूल केला. गांधीजींनी जुलै १९४६ च्या 'हरिजन'मध्ये या विजयाला पोकळ म्हटलं, जपानचा आत्मा त्यानं तात्पुरता नष्ट केला असं लिहिलं, आणि बॉम्ब टाकणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचं काय झालं ते कळायला अजून वेळ आहे असं पुढं जोडलं.

यावर लगेच म्हटलं जाईल, की गांधींना सगळंच युद्ध अमान्य होतं, त्यांची साक्ष काढून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. ज्याला युद्धच पाप वाटतं त्याच्या लेखी अणुबॉम्ब हे मोठं पाप, एवढंच. माझा मुद्दा मात्र युद्ध मान्य करणाऱ्यालाही लागू आहे. लढणारा आणि न लढणारा यांत भेद असतो, ही कल्पना अहिंसावाद्यांची नाही, सैनिकांची आहे. अणुबॉम्ब घडवणारे शास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्यामुळं गीतेतला विश्वरूपाचा श्लोक अणुबॉम्बला कायमचा चिकटला. गोपुरीला गीताई मंदिरात तोच अध्याय शिळेवर मराठीत कोरलेला आहे आणि बाजूलाच फुजी गुरुजींच्या पंथाचा विश्वशांती स्तूप उभा आहे. पण खरं तर उघडायला हवं होतं ते सौप्तिकपर्व. त्यात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर रात्री तुटून पडतो. कृपाचार्य, त्याचा सख्खा मामा आणि त्याच्याच बाजूचा योद्धा, त्याला आधी थांबवू पाहतो. नंतर ब्रह्मशिर अस्त्र सुटतं, अर्जुनही तेच सोडतो, व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते परत घेता येत नाही, तेव्हा तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. व्यास तिथं एक गोष्ट सांगतात, तिकडं आपलं फारसं लक्ष जात नाही : जिथं असं एक अस्त्र दुसऱ्या अस्त्रानं अडवलं जातं, त्या प्रदेशात बारा वर्षं पाऊस पडत नाही. हे सांगणाऱ्याला किरणोत्सर्ग ठाऊक नव्हता, आणि महाभारतात अणुबॉम्ब होता असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागायचं कारण नाही. त्याला ठाऊक होता तो एवढाच भेद, की काही अस्त्रं लढणाऱ्यापाशी थांबत नाहीत. आणि पावसाची गोष्ट आज संशोधकही करतात. भारत-पाकिस्तानमध्ये अणुयुद्ध पेटलं तर जळत्या शहरांच्या काजळीनं सूर्यप्रकाश अडेल, पिकं बुडतील आणि त्या उपासमारीत जगभर दोन अब्जांहून अधिक माणसं मरू शकतील, असा अंदाज 'नेचर फूड' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्ध्याच्या कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्याला पावसाचं गणित वेगळं समजावून सांगायला नको.

टोकियोवर ९-१० मार्च १९४५ च्या रात्री साध्या आगलाव्या बॉम्बनी सुमारे एक लाख माणसं मेली, मग अणुबॉम्बलाच वेगळं का काढता, असाही एक प्रश्न विचारतात. वेगळं काढू नये. दोन्ही एकाच रांगेतले गुन्हे आहेत, आणि पहिल्याची सवय झाली म्हणून दुसरा सोपा गेला. तेव्हा असा कायदा नव्हता, हेही फारसं टिकत नाही. टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं १९६३ साली त्या काळच्याच युद्धनियमांवर तपासून दोन्ही अणुहल्ले बेकायदा ठरवले.

खरी अडचण पुढं आहे, आणि ती घरची आहे. भारताकडं अण्वस्त्रं आहेत. शेजारी दोन देशांकडं ती असताना आपण ती समुद्रात बुडवावीत असं म्हणायला मी धजत नाही, आणि जो म्हणेल त्यानं १९६२ नंतरच्या चीनचं काय करायचं तेही सांगावं. ती धाक म्हणून आहेत, वापरायला नाहीत, असं आपल्याला सांगितलं जातं. जानेवारी २००३ मध्ये सरकारनं जाहीर केलेल्या धोरणात एक कलम चांगलं आहे : आपण आधी वापरणार नाही. त्याच्या पुढचं मात्र म्हणतं, की आपल्यावर अणुहल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसणार नाही एवढं नुकसान करणारं असेल. सोसणार नाही असं नुकसान कशाचं होतं? वाळवंटातल्या तोफांचं नव्हे. या शब्दांत शहरं दडलेली आहेत, तशीच जशी १९४५ च्या इतिवृत्तात घरं होती. गंमत अशी, की याच भारत सरकारनं १९९५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं लेखी म्हणणं मांडलं होतं, की अण्वस्त्राचा वापर कोणत्याही परिस्थितीत, प्रत्युत्तर म्हणूनही, बेकायदा आहे. न्यायालय इतकं पुढं गेलं नाही. जुलै १९९६ च्या मतात त्यानं वापर सर्वसाधारणपणे युद्धनियमांविरुद्ध ठरवला, पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं तर काय, हे मोकळं सोडलं. तेव्हा आपली भूमिका न्यायालयाच्याही पुढं होती. तीन वर्षांत पोखरण झालं आणि आठ वर्षांत प्रचंड प्रत्युत्तर आलं. लोकसभा मात्र ऑगस्टमध्ये हिरोशिमाच्या मृतांसाठी मौन पाळते.

धाकच ठेवायचा तर त्याला शहरांचीच धमकी लागते, नाहीतर समोरचा भितो कशाला, असं युद्धशास्त्राचे जाणकार म्हणतील. मला हे उत्तर कमी आणि कबुली जास्त वाटते. लाहोरच्या शिंप्याला आणि पिपरी मेघेच्या बस वाहकाला परस्परांच्या सरकारांचे ओलीस केल्याशिवाय ही व्यवस्था चालत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय व्यवहारातही हा धाक दिसतो तितका भक्कम नाही. रणांगणावर एखादं छोटं अण्वस्त्र पाकिस्ताननं आपल्या रणगाड्यांवर टाकलं, तर उत्तरादाखल आपण खरोखर लाखोंचं शहर जाळू का? समोरच्याला हे खरं वाटलं नाही तर धाक उरत नाही, आणि खरं वाटलं तर आपण काय आहोत हा प्रश्न उरतो. मे २०२५ मधल्या संघर्षाच्या दिवसांत 'एकदाचं टाकूनच द्या' अशी भाषा चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत ऐकू येत होती. टाकायचं कुणावर, हे त्या वाक्यात कधी येत नाही.

अण्वस्त्रं एका दिवसात जाणार नाहीत, पण धोरणातला 'प्रचंड' हा शब्द काढता येतो, आणि १९९५ चं आपलंच म्हणणं पुन्हा हाती घेता येतं. लोकवस्तीला जाणूनबुजून लक्ष्य करणार नाही, असा करार भारत पाकिस्तानपुढं ठेवू शकतो. पाकिस्तान विश्वासाला पात्र नाही म्हणून हे हसण्यावारी नेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार या दोन देशांत ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. त्यानुसार १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांच्या हाती देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा झालं, तरी यादी गेली आणि यादी आली. तिच्यात अणुभट्ट्या आहेत. शहर त्यात एकही नाही.